पाय ठोका धरतात, तोंड बोल म्हणतं

नाशिकच्या म्हसरूळला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये गेल्या जूनपासून मी चार ते सात वर्षांच्या मुलांचा तालाचा वर्ग घेते. शनिवार-रविवारी संध्याकाळी, पाऊण तास. त्याआधी बरीच वर्षं मोठ्या मुलांना तबला शिकवत होते. नऊ-दहा वर्षांची मुलं यायची, बोटं चांगली पडायची, कायदे (तबल्यावर वाढवत न्यायच्या ठरीव रचना) पाठ असायचे, प्रारंभिक-प्रवेशिकेच्या परीक्षाही व्हायच्या. पण एखाद्या गाण्याला साथ करायला बसवलं की लय पुढे पळायची, आणि ती पळते आहे हे वाजवणाऱ्याच्या लक्षातही यायचं नाही. बोटांच्या आधी शिकायचं काहीतरी या मुलांचं राहून गेलंय, असं दरवेळी वाटायचं. जे राहून जातं तेवढंच शिकवायचं, म्हणून हा वर्ग काढला. सामान म्हणजे एक ढोलकी, एक तबला-डग्ग्याची जोडी (डग्गा म्हणजे त्यातलं डाव्या हाताचं, घुमणाऱ्या आवाजाचं वाद्य), खडूची पेटी आणि मोकळी फरशी.

नाव नोंदवायला आलेल्या आयांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "मॅडम, तबल्याला कधी बसवणार?" मी सांगायचे, आधी चालायला शिकवणार. काहीजणी विचार करून सांगतो म्हणाल्या आणि परत आल्या नाहीत. बऱ्याच जणी मात्र थांबल्या.

सुरुवातीला मी मुलांना आवडीचं कुठलंही बडबडगीत म्हणायला सांगितलं आणि सोबत टाळ्या वाजवा म्हटलं. जवळजवळ सगळ्यांनी अक्षरागणिक टाळी दिली. अक्षरं दाट आली की टाळ्या दाट, ओळ संपली की टाळ्याही बंद. या वयाची मुलं असंच करतात. मुलाच्या लेखी गाणं म्हणजे शब्द, म्हणून हात शब्दांमागे धावतो. पण शब्दांच्या खालून आणखी एक गोष्ट एकसारखी चाललेली असते. ओळ संपून आपण श्वास घेतो तेव्हाही ती चालूच असते. गाणं ऐकताना मोठ्या माणसाचा पाय नकळत जे धरतो, ते. या दोन गोष्टी आधी सुट्या करायच्या आणि मग एकाच अंगात दोन्ही एकत्र नांदवायच्या, हे या वयातलं तालाचं जवळपास सगळं शिक्षण आहे असं मी मानते. मात्रा, ताल, ठेका, आवर्तन हे शब्द नंतरसाठी ठेवले. वर्गात दोनच शब्द होते, ठोका आणि बोल. ठोका पायात, बोल तोंडात. हातांना पहिले काही आठवडे सुट्टी.

पायांनीच सुरुवात करण्याचं कारण साधं आहे. चार वर्षांच्या मुलाला "एकसारख्या अंतराने टाळ्या दे" म्हटलं तर ते गोंधळून बघत राहतं. हॉलच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायला सांगितलं तर पावलं आपोआप एकसारखी पडतात. अंग कानाला शिकवतं, याबद्दल एक सुंदर प्रयोग झालेला आहे. कॅनडातल्या दोन संशोधिकांनी सात महिन्यांच्या बाळांना कुठेही जोर नसलेला एक ठेका ऐकवला. ऐकवताना काही बाळांना दर दुसऱ्या ठोक्याला झुलवलं, काहींना दर तिसऱ्या. नंतर त्याच ठेक्याची जोर दिलेली दोन रूपं ऐकवली, तेव्हा ज्या हिशेबाने झुलवलं होतं त्या रूपाकडे बाळं जास्त वेळ कान देऊन राहिली. हे काम २००५ साली छापून आलं. मांडीवर नातवंड घेऊन डोलणारी आपल्याकडची आजी हेच करत आलेली आहे. म्हणून धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन येणाऱ्या आयांना मी सांगते, की मोबाइलवर गाणं लावून बाळाच्या हातात देण्यापेक्षा स्वतः गात त्याला झुलवा. सूर बरा लागतो की नाही याची काळजी करू नका.

लयीच्या बाबतीत मी एक नियम केला आहे आणि तो मोडत नाही: आधी मी मुलाच्या लयीत जायचं. एकेक मूल चालतं, मी त्याच्या पावलाला ढोलकीवर थाप देते. ते थांबलं की मी थांबते, ते धावलं की माझी थाप धावते. दोन-तीन फेऱ्यांत त्याच्या ध्यानात येतं की ताईची ढोलकी आपल्या पायांवर चालते आहे. चेहरा असा काही खुलतो! मग ते मुद्दाम थबकतं, मुद्दाम उडी मारतं, मला चकवायला बघतं. या खेळात मुलाचं सगळं लक्ष आपलं पाऊल आणि थाप एकत्र पडतात की नाही याकडे लागलेलं असतं. मला तेवढंच हवं असतं. एकदा ते ऐकायला लागलं की मी थाप किंचित संथ करते, अगदी किंचित, आणि पाऊल माझ्याकडे येतं.

मुलांची स्वतःची लय मोठ्यांपेक्षा जलद असते. मोठ्या माणसाला "तुम्हाला बरं वाटेल त्या वेगाने टेबलावर बोट आपटा" म्हटलं तर मिनिटाला साधारण १०० ठोके पडतात. चार-पाच वर्षांच्या मुलाचे १५० च्या आसपास. त्यामुळे "लहान आहेत, सोपं जावं म्हणून संथ घेऊ" हा शिकवणाऱ्यांचा विचार मुलांना उलट जड पडतो. संथ लयीत दोन ठोक्यांमधली जागा मोठी असते. ती रिकामी जागा मनात मोजत थांबणं लहान मुलाला झेपत नाही, ते पुढचा ठोका आधीच देऊन टाकतं. मोठ्यांनाही ते सोपं कुठे असतं? विलंबित ख्यालाला, म्हणजे अगदी संथ लयीतल्या शास्त्रीय गाण्याला, साथ करताना तबलजीसुद्धा दोन मात्रांमधली, म्हणजे तालाच्या दोन ठोक्यांमधली, जागा भरत राहतो, तेव्हा कुठे गाणाऱ्याला आधार मिळतो. आम्ही ती जागा हातांनी भरली. पाऊल टाकलं की हवेत एक मोठं गोल काढायचं, गोल पूर्ण झालं की पुढचं पाऊल. हातांची सुट्टी संपली ती इथे. दिवाळीपर्यंत सगळा वर्ग मिनिटाला १२० च्या आसपास एकत्र चालायला लागला, आणि गोल काढत चालताना त्याहूनही खाली उतरायला लागला.

एका मुलीचे बाबा सातपूरच्या कारखान्यात इंजिनिअर आहेत. त्यांनी विचारलं, "ताई, तबल्याचं अॅप लावलं तर? लय एका केसाचीही चुकणार नाही." प्रश्न रास्त होता. मोठ्यांच्या रियाजाला मीही मशीन वापरते. पण लहानांच्या बाबतीत माझं उत्तर ठाम आहे, आणि त्याला आधारही आहे. जर्मनीतल्या लाइपझिगच्या संशोधकांनी २००९ मध्ये अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या मुलांना ढोल वाजवायला दिला: एकदा समोर वाजवणाऱ्या माणसाबरोबर, एकदा ढोलावर ठोके मारणाऱ्या यंत्राबरोबर, एकदा नुसत्या स्पीकरच्या आवाजाबरोबर. माणूस समोर असताना मुलांचे ठोके जास्त जुळले. अडीच वर्षांची मुलंसुद्धा माणसासोबत आपली नेहमीची लय सोडून त्याच्या लयीकडे यायचा प्रयत्न करत होती. आमच्या हॉलमध्ये मी अॅप लावून पाहिलं तर मुलं थोडा वेळ चालली आणि मग आपापल्या नादात फिरू लागली. ढोलकी घेऊन मधे उभी राहिले की सगळी तोंडं माझ्याकडे. आपली लय मूल माणसासाठी सोडतं, आणि म्हणूनच त्याच्या लयीत आधी आपण जायचं असतं. आपण त्याच्याकडे गेलो हे त्याला कळलेलं असतं.

पाय स्थिर व्हायला लागल्यावर तोंडाचं काम सुरू केलं. आम्ही भाजीबाजार मांडला. दर पावलाला एक भाजी. 'चिंच' म्हटलं की एका पावलात एकच घास. 'मेथी' म्हणजे दोन सारखे तुकडे, 'टोमॅटो' म्हणजे तीन, 'मिरची-कांदा' म्हणजे चार. पाय तेवढेच, तोंड मात्र कधी एक, कधी चार. 'भोपळा' आला तेव्हा मोठी चर्चा झाली. पाटीवर तो तीन अक्षरी, पण सगळ्यांच्या तोंडात भोप्-ळा असा दोनच तुकड्यांचा. पहिलीतला एक मुलगा तीन म्हणून अडून बसला, कारण बाईंनी तीन अक्षरं लिहायला शिकवली होती. मी त्याला चालून पाहायला सांगितलं. चालल्यावर त्यानेच भोपळा मेथीच्या टोपलीत टाकला.

भाज्या पक्क्या झाल्या तसे त्यांच्या जागी तबल्याचे बोल आले. चिंचेच्या जागी 'धा', मेथीच्या जागी 'धागे', टोमॅटोच्या जागी 'तकिट', मिरची-कांद्याच्या जागी 'तिरकिट'. आपल्याकडे वाजवण्याआधी बोलायची रीत आहे, पढंत. दक्षिणेत कोन्नकोल ही तर बोलण्याचीच स्वतंत्र कला आहे. युरोपात हंगेरीच्या झोल्टान कोडाय यांच्या पद्धतीत मुलांना तालासाठी 'ता' आणि 'ती-ती' अशी अक्षरं देतात. स्वित्झर्लंडच्या एमिल झाक-दालक्रोझ यांनी त्याच्याही आधी संगीत चालण्यातून, अंगाच्या हालचालीतून शिकवायला सुरुवात केली होती. मी या दोघांबद्दल वाचलं आहे आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण 'तिरकिट' म्हणताना आमच्या मुलांच्या जिभेला जो आनंद होतो तो मला दुसऱ्या कुठल्या अक्षरांत मिळेलसं वाटत नाही. वर्ग सुटल्यावर जिन्यावरून खाली जाताना ती 'तिरकिट तिरकिट' करतच जातात.

श्रावणात नाशिकमध्ये संध्याकाळी कुठेही जा, ढोलपथकांचा सराव ऐकू येतो. नाशिक ढोलाचं नाव लग्नाच्या वरातींपासून विसर्जनाच्या मिरवणुकांपर्यंत दूरवर गेलेलं आहे, आणि इथल्या मुलांच्या कानावर तो आवाज बोलायला लागण्याआधीपासून पडतो. मी मुलांना घेऊन गोदावरीकाठी एका पथकाचा सराव ऐकायला गेले. बरंच लांब उभे राहिलो. इतक्या लहान कानांना ढोलाच्या पुढ्यात उभं करू नये, मिरवणुकीतही नाही. लांबून मला त्यांना एकच गोष्ट ऐकवायची होती. ढोलांचा जथा ठोका धरून असतो आणि ताशा त्यावर बोलत असतो. वर्गात अनेक आठवडे पाय आणि तोंड यांनी जे केलं ते इथे दोन वाद्यांत वाटून दिलेलं होतं. परत आल्यावर मी अर्ध्यांना ढोल केलं, अर्ध्यांना ताशा. ढोलांनी फक्त पाय आपटायचे, ताशांनी तोंडाने तडतडायचं. मग अदलाबदल. ताशा व्हायला सगळ्यांची झुंबड उडते, ढोल कंटाळवाणा वाटतो. पण ढोल थांबला की ताशाचं काय होतं हे मी त्यांना एकदा करून दाखवायला लावलं. ढोलाच्या बाजूला मुद्दाम खूण करून गप्प केलं, आणि ताशांचं तडतडणं बघता बघता विस्कटलं. त्यानंतर ढोलाला मुलं कमी पडली नाहीत. वाकडी बारवेपासून निघणारी विसर्जनाची मिरवणूक बघून आलेल्या एका मुलीने मला सांगितलं, "ताई, ताशावाले काका पायाने ढोल करत होते." तिने ते एवढ्या गर्दीत पाहिलं होतं.

शरदात एक वेगळीच गोष्ट हाती लागली. आगर टाकळीहून एक आजी नातवाला घेऊन यायच्या. टाकळी म्हणजे नंदिनी आणि गोदावरीच्या संगमाजवळची समर्थ रामदासांच्या तपश्चर्येची जागा, त्यामुळे त्या नातवाला मनाचे श्लोक भरपूर पाठ. मी त्याला श्लोक म्हणत चालायला सांगितलं. तो पहिलं अक्षर उच्चारून मग पाऊल टाकायचा. दुसऱ्या मुलांनी लगेच हरकत घेतली, "तो आधी बोलतो आणि मग चालतो." मला फार आनंद झाला, कारण मुलगा अगदी बरोबर होता. हे वृत्त भुजंगप्रयात. लघु-गुरू-गुरू असे चार गण, बारा अक्षरं, वीस मात्रा. जोर पडतो तो लघूनंतरच्या गुरू अक्षरावर, त्यामुळे ओळीचं पहिलं अक्षर ठोक्याच्या आधीच उचललं जातं. शब्दाच्या हिशेबाने गण पाच मात्रांचा, पण मुलं म्हणताना एक गुरू थोडं लांबवतात आणि तो सहाचा करून सहा मात्रांच्या दादरा तालात नेऊन बसवतात. हे सगळं अर्थात मी मुलांना सांगितलं नाही. त्यांना एवढंच म्हटलं की काही गाणी दाराबाहेरून सुरू होतात, पहिला शब्द बाहेर म्हणायचा आणि मग आत पाऊल टाकायचं. मग उंबऱ्यासारखी खडूची रेघ आखून सगळ्यांनी ते केलं. घरोघरी पाठ असणाऱ्या या श्लोकांमध्ये लयीचं इतकं पक्कं शिक्षण आहे आणि आपण ते फक्त उच्चारासाठी आणि संस्कारासाठी वापरतो, याची मला हळहळ वाटते. आजींना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आमच्या शाळेत बाई टेबलावर छडीने ठेका धरायच्या, मग आम्ही म्हणायचो."

पौषात संत निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी दिंड्या त्र्यंबकेश्वराकडे निघतात. वद्य एकादशीच्या आधीचे दोन-तीन दिवस नाशिकच्या रस्त्यांवर टाळ-पखवाजांचा नाद असतो. पालकांसह आम्ही सकाळी त्र्यंबक रोडला गेलो. माझी अपेक्षा होती की मुलं पखवाज बघतील. तो बघितलाच; एका वादकाने डाव्या पुडीवर कणीक का लावतात तेही वाकून दाखवलं, कणकेने ती बाजू जड होऊन खालचा गंभीर आवाज निघतो. पण मुलांची नजर खिळली ती पायांवर. पुढे दोन पावलं, मागे एक, मग झुकणं, मग उडी, आणि टाळ एकदाही न तुटता. चाळीस-पन्नास माणसांचे पाय एकाच वेळी जमिनीवर पडत होते. विसाव्याला थांबलेल्या एका वारकरी बाबांनी आमच्या मुलांना रांगेत घेतलं. एका मुलाचे पाय गुंतले तसं त्याने टाळ्याही थांबवल्या. बाबा म्हणाले, "बाळा, पाय चुकू दे. टाळ नको सोडू. टाळ असला की पाय येतो परत." वर्गात हीच गोष्ट मी किती वेगवेगळ्या तऱ्हेने सांगत आले होते! त्या दिवसापासून कुणी अडखळलं की दुसरी मुलंच ओरडतात, "टाळ नको सोडू."

आता खालीबद्दल, म्हणजे तालात जिथे टाळी द्यायची नसते त्या जागेबद्दल, कारण माझ्या मते आपल्या तालशास्त्राने लहान मुलांसाठी दिलेली सर्वांत मोठी देणगी तीच आहे. इतर ठिकाणी शांतता म्हणजे विश्रांती, तिथे काही करायचं नसतं. आपल्याकडे अशा रिकाम्या जागेलाही हाताची खूण आहे. टाळी द्यायची नाही, हात बाजूला नेऊन उलटा करायचा. पण तो नेमक्या वेळी न्यायचा.

फरशीवर खडूने त्रिताल या तालाच्या मात्रांचे १६ चौकोन आखले, चारांच्या चार ओळी. पहिल्या चौकोनात समेचा, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेचा, ×, नवव्यात खालीचं 0, पाचव्यात आणि तेराव्यात टाळीचे आकडे. ही ताल लिहायच्या भातखंडे पद्धतीची चिन्हं. पलुस्करांच्या पद्धतीत समेला १ आणि खालीला + असतं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि उत्तरायुष्यात ते आपल्या नाशकात येऊन राहिले. संगीत वर्गात बसून, अनेकांनी मिळून शिकायची वाट त्यांनीच रुळवली, म्हणून मी मुलांना त्यांचं नाव सांगते. चिन्हं मात्र भातखंड्यांची घेतली, कारण शून्य म्हणजे काही नाही हे चार वर्षांच्या मुलालाही माहीत असतं.

खेळ असा. पहिल्या दोन ओळी आवाज करत चालायच्या, एक आणि पाचला टाळी. तिसरी ओळ चोरपावलांनी. नवव्या चौकोनात हात बाहेर, आणि चार चौकोन आवाजच नाही, माझी ढोलकीसुद्धा गप्प. तेराव्या चौकोनात सगळ्यांनी एकदम टाळी देत उतरायचं. सुरुवातीला ती टाळी सर पडल्यासारखी यायची, एकामागून एक. शांतता आली की मुलं घाईला लागतात. आवाज नाही म्हणजे वेळही नाही असं त्यांना वाटतं. मी काहीच समजावलं नाही. फक्त एक केलं, चोरपावलांच्या ओळीत मुलांनी एकमेकांकडे बघत चालायचं. पुढच्याचे गुडघे, खांदे बघायचे. हळूहळू टाळ्यांचा ढीग लहान होत गेला. आणि एका रविवारी तेराव्या मात्रेवर सगळ्या वर्गाची एकच टाळी पडली. मागे खुर्च्यांवर बसलेल्या आयांपैकी कुणीतरी "वा!" म्हणालं. मी ढोलकी बाजूला ठेवली आणि मुलांना पुन्हा करायला सांगितलं. ती पुन्हा तशीच पडली.

आमच्या वर्गात पाच वर्षांची एक मुलगी आहे, दोन्ही कानांना श्रवणयंत्र लावते. तिला आणताना तिच्या आईने दारातच विचारलं होतं, "चालेल का?" ती डग्ग्याजवळ बसते आणि भांड्याच्या पोटाला तळहात लावून ठेवते. डग्ग्याची घुमारी तिला हातातून मिळते, आणि तिचे ठोके बाकीच्या कुणाहून कमी पक्के नाहीत. चौकोनांचा खेळ जमल्यावर मी पहिल्यांदा मुलांना त्रितालाचा खरा ठेका वाजवून दाखवला. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. मुलं चालत होती, नवव्या चौकोनावर सगळ्यांचे हात बाहेर गेले, आणि ही मुलगी म्हणाली, "ताई, अजून आहे." पुढच्या आवर्तनात, म्हणजे सोळा मात्रांच्या पुढच्या फेरीत, ती तळहात तसाच ठेवून वाट बघत होती. नववी मात्रा झाली. "अजून आहे." दहावी. "आता गेला." मग तेराव्याला सगळ्यांची टाळी पडली, तिने मान हलवली. "नाही आला." चौदाव्याला तिने डग्ग्यावरचा हात झटकन उचलून सांगितलं, "आला!"

ठेका शिकलेल्या कुणालाही हे बोटांतून ठाऊक असतं, पण एरवी कुणी त्याकडे बघत नाही. खाली नवव्या मात्रेवर आहे, पण तिथे बोल 'धा'च आहे, म्हणजे डग्गा वाजतोच. तो मिटतो दहाव्यावर, 'तिं'ला. आणि तेराव्याला टाळी असली तरी तिथे 'ता' आहे; डग्गा परत घुमतो तो चौदाव्या मात्रेच्या 'धिं'वर. हाताची खाली आणि डग्ग्याची खाली एकमेकींपासून एक मात्रा सरकलेल्या आहेत. मी लगेच दुसऱ्या रंगाच्या खडूने दहा ते तेरा हे चौकोन भरले आणि त्या मुलीला मधे बसवून सगळ्यांना आळीपाळीने डग्ग्याला हात लावायला लावला. प्रत्येकाला "गेला" आणि "आला" म्हणायचं होतं. त्यातून मुलांनी स्वतःच पुढची गोष्ट काढली. डग्गा परत आला की तीन पावलं उरतात, मग सम. चौदा, पंधरा, सोळा, आणि घर. आता ती न मोजता समेवर येतात, डोळे मिटूनसुद्धा, कारण डग्ग्याने परत येऊन त्यांना वर्दी दिलेली असते. मोठ्या विद्यार्थ्यांना समेची चाहूल लागावी म्हणून मी वर्षानुवर्षं मात्रा मोजायला लावत आले आहे. त्या वर्गातही आता मी डग्ग्याला हात लावायला सांगते.

दादरा आणि केरवा याच रीतीने झाले, त्यात फार वेळ गेला नाही. दादऱ्याच्या सहा मात्रांना मुली झोक्यासारख्या डोलतात, केरव्यावर सगळीच नाचतात. तिथे शिकवण्यापेक्षा आवरणं जास्त असतं.

तबल्याला कधी बसवणार, हा प्रश्न अजून येतोच. आता माझ्याकडे त्याचं नेमकं उत्तर आहे. मुलाने हॉलभर ठोक्यात चालावं, प्रत्येक पावलाला 'धागे' म्हणावं, मी मधेच पूर्ण एक आवर्तन गप्प बसावं, आणि परत वाजवायला लागेन तेव्हा त्याचं पाऊल माझ्या थापेवर पडावं. ज्यांना हे होतं त्यांना या जूनपासून तबल्यापुढे बसवते आहे. ती डग्ग्याजवळची मुलगी त्यांत आहे. तिच्या आईने घरासाठी डग्गा घेतला आहे, जोडी नंतर पूर्ण करू म्हणाल्या. उरलेल्यांना अजून थोडं चालायचं आहे, त्यांच्या आयांनाही मी तसंच सांगितलं आहे, आणि आता कुणी घाई करत नाही.

घरी काय करून घ्यावं असं विचारणाऱ्यांना मी दोनच गोष्टी सांगते. शाळेत सोडायला पायी जात असाल तर मुलाच्या पावलात पाऊल टाकून चाला, त्याला तुमच्या पावलांवर ओढू नका. आणि भाजी निवडताना, पोळ्या लाटताना तोंडाने बोल म्हणत राहा, ते आपसूक सामील होतं.

पुढचा ताल रूपक. आतापर्यंतचे सगळे ताल सम संख्येचे होते, सोळा, आठ, सहा, त्यामुळे सम दरवेळी एकाच पायावर यायची. मुलं उजवा पाय टाकून सुरुवात करतात आणि समही उजव्यावर धरतात. रूपकाच्या मात्रा सात, तीन-दोन-दोन. त्यात सम एका आवर्तनात उजव्या पायावर येणार, पुढच्यात डाव्यावर. शिवाय रूपकात समेवरच खाली असते, ठेका 'तीं'ने सुरू होतो, म्हणजे पहिल्याच पावलाला हात बाहेर. मुलांना हे मी आधी सांगणार नाही, त्यांचे पायच त्यांना सांगतील. सात-सात चौकोनांच्या दोन ओळी आखायच्या ठरवल्या आहेत, एक पिवळ्या खडूने, एक निळ्या.